मुलींच्या बालगृहात एका दिवसाचं आरोग्य शिबिर : यंदा करावं की नको?

दाढदुखी_चोपडा

नमस्कार मंडळी. मी मूळचा चोपड्याचा, दातांचा डॉक्टर, दवाखाना नाशिकला. आमची दहावीची बॅच दोन वर्षांपूर्वी बऱ्याच काळाने भेटली. शेवभाजी ओरपून झाली, जुने मार खाल्लेले किस्से झाले, आणि मग कोणीतरी म्हणालं की गावाकडे काहीतरी करू. बॅचमध्ये पुण्याचा एक बालरोगतज्ज्ञ, दोन जनरल प्रॅक्टिसवाले, एक डोळे तपासणारा, एक भुसावळचा केमिस्ट आणि मी. सातपुड्याच्या पायथ्याशी मुलींचं एक बालगृह आहे. ४७ मुली, वय ६ ते १८. काहींना आईवडील दोन्ही नाहीत, काहींची आई आहे पण सांभाळू शकत नाही. गेल्या डिसेंबरात एका रविवारी तिथे शिबिर घेतलं.

काय झालं ते जसंच्या तसं सांगतो. साडेदहाला पोचलो. बॅनर बांधण्यात अर्धा तास गेला, त्यावर 'मोफत' चं 'मोफट' झालं होतं ते वेगळंच. अकरा ते दीड ४७ मुली तपासल्या. हिशेब करा, एकीला जेमतेम तीन मिनिटं. जंताची गोळी, मल्टिव्हिटॅमिनचं सिरप, टूथब्रश आणि प्रत्येकीला दोन केळी. ग्रुप फोटो. जेवण. साडेतीनला गाड्या सुटल्या.

यंदा जूनमध्ये आईला भेटायला आलो तेव्हा सहज एकटाच बालगृहात गेलो. अधीक्षिकाताईंनी कपाट उघडून दाखवलं. सिरपच्या ३१ बाटल्या सीलबंद. का? तर कोणाला किती चमचे, किती दिवस, हे आम्ही लिहूनच दिलं नव्हतं, आणि नसतं भलतं काही व्हायला नको म्हणून त्यांनी दिलं नाही. बरोबरच केलं त्यांनी. पण खरी लाज वाटली ती पुढे. आठवीतली एक मुलगी, तिचा डावा कान वाहत होता. आमच्या यादीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं सापडलं : 'डावा कान, ईएनटीला दाखवणे.' कोणी दाखवायचं? कुठे? कधी? आम्ही लिहिलं, सही केली आणि जेवायला बसलो. सहा महिने तो कान तसाच वाहत राहिला. दुसऱ्या दिवशी अधीक्षिकाताई, मी आणि ती जळगावला गेलो. पडद्याला भोक पडलेलं होतं.

आता यंदाचा डिसेंबर जवळ येतोय. सगळे उत्साहात आहेत, ६० हजार जमलेत, नवीन बॅनरची चर्चा सुरू आहे. माझा पाय निघत नाही. शिबिर करावं, की पैसे संस्थेला देऊन मोकळं व्हावं? आणि करायचंच तर आजार होण्याआधी काही उपयोगी पडेल असं एका दिवसात नेमकं काय करता येतं? या कामातले कोणी असतील तर सांगा. शिव्याही चालतील.

रावेरचा_बागायतदार

डॉक्टर, बाकीचं मला कळत नाही पण केळी नका नेऊ भो. आमच्या रावेर-यावलकडे भाव पडला की आम्हीच ट्रॅक्टरभर घड वसतिगृहांत नेऊन टाकतो. पोरी केळी पाहून तोंड फिरवत असतील. न्यायचंच तर शेंगदाणे-गूळ न्या, अंडी न्या. आणि वाढदिवसाला केक घेऊन जाणारी जी मंडळी असतात ना, त्यांना तुम्ही दातवाले म्हणून तरी दोन शब्द सांगा.

दाढदुखी_चोपडा

केकचं अगदी खरं. रजिस्टर पाहिलं तर महिन्यात सरासरी पाच-सहा 'वाढदिवस' होतात तिथे, सगळे देणगीदारांच्या मुलांचे. गुलाबजाम, केक, चॉकलेट. सात-आठ वर्षांच्या मुलींच्या दाढा पाहून मला आधी वाटलं होतं की ब्रशच करत नसतील. ब्रश करतात, पण सगळ्यांचे ब्रश एकाच स्टीलच्या ग्लासात.

सिस्टर_निवृत्त_धुळे

डॉक्टर भाऊ, तुम्ही लाज वाटली म्हणून लिहिलंत, म्हणून उत्तर देते. नाहीतर शिबिराच्या पोस्टी मी वाचत नाही.

मी आरोग्य सहायिका म्हणून रिटायर झाले. धडगाव, शहादा, शेवटी शिरपूर. शिबिरं किती पाहिली त्याची मोजदाद नाही. आमच्याकडे एक म्हातारी दाई होती, ती शहरातल्या डॉक्टरांना तोंडावर म्हणायची, "तुमी येतस, फोटू काढतस, नि जातस." डॉक्टर हसायचे. ती हसायची नाही.

पैसे देऊन मोकळं व्हायचा विचार सोडा. पैशाने कान दाखवला जात नाही, माणूस लागतो. शिबिर करा, पण शिबिराच्या आधी एक महिना दोन जणच जा. गाजावाजा नको. बरोबर एक जाड, पुठ्ठ्याची दोनशेपानी वही घेऊन जा. प्रत्येक मुलीला चार पानं. हीच वही तुमचं खरं शिबिर. ती संस्थेत राहील, तुमच्या गाडीत नाही. गेल्या वर्षीची यादी तुमच्याकडे होती ना? तिथेच चुकलं.

पहिल्या पानावर काय लिहायचं ते सांगते. वजन, उंची आणि जन्मतारीख. आता जन्मतारखेची गंमत बघा. अर्ध्या मुलींची १ जून असेल. शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली. त्या तारखेवर वय धरून तुम्ही वाढीचा तक्ता भरलात की तक्ता खोटं बोलतो. चांगली पोर खुरटलेली दिसते आणि खुरटलेली चांगली दिसते. म्हणून एका वेळच्या आकड्यावर जाऊ नका, तीन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. वजन पुढे सरकतंय का, उंची सरकतेय का, एवढं बघायचं. मोठी मुलगी सहा महिने एकाच वजनावर अडकली तर काहीतरी आहे. वजनकाटा तुमचा नेऊ नका, संस्थेला एक चांगला घेऊन द्या. ६० हजारांतला पहिला खर्च तो.

दुसरं, लस. बहुतेकींचं कार्ड नसतं. कार्ड नाही म्हणजे लस झालीच नाही असं धरायचं नाही आणि झालीच असेल असंही नाही. दंडावर बीसीजीचा, म्हणजे क्षयाच्या लसीचा, वण आहे का बघा, आधीची संस्था, गावची आशा, अंगणवाडी, जिथून ती आली तिथे फोन करा. हे काम तुम्ही त्या एका दिवशी नाही करू शकत, म्हणून आधी जा म्हणते. १० व्या आणि १६ व्या वर्षाचं टीडी (धनुर्वात-घटसर्पाची लस) बऱ्याच ठिकाणी राहूनच जातं, कारण शाळेत ज्या दिवशी टोचतात त्या दिवशी पोर संस्थेत नवीन आलेली असते किंवा गावाला गेलेली. यादी करून प्राथमिक आरोग्य केंद्राला द्या. लस तुम्ही विकत नका घेऊ, सरकारकडे फुकट आहे आणि ती थंड ठेवायची शीतसाखळीही त्यांची.

जंताची गोळी. १० फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये शाळेत देतातच. विचारा, मग द्या. चावून खायला लावा, ४०० ची अख्खी गिळली की घशात अडकते.

रक्त. हिमोग्लोबिन बोटाच्या थेंबावर मीटरने बघता येतं. पाच ते अकरा वर्षांच्या मुलीला ११.५ च्या खाली आणि बाराच्या पुढच्या मुलीला १२ च्या खाली असेल तर कमी धरायचं. शाळेत दर आठवड्याला लोहाच्या गोळ्या येतात, लहानांना गुलाबी आणि दहाच्या पुढे निळ्या. तुम्ही नवीन औषध आणू नका, आहे ते पोटात जातंय का बघा. आमच्या एका आश्रमशाळेत संडासामागच्या खड्ड्यात निळ्या गोळ्यांचा ढीग सापडला होता. पोरींना गोळीनं मळमळतं आणि शी काळी होते, त्या घाबरतात. आधी सांगितलं नाही तर फेकणारच. जेवणानंतर द्या, चहाबरोबर नको, वर लिंबू पिळलेलं पाणी. एवढं सांगितलं की निम्म्या फेकायच्या थांबतात.

आणि एक. तुमच्या यादीत सहाही पुरुष दिसतात. १५-१६ वर्षांच्या मुली सहा अनोळखी पुरुषांसमोर काय सांगणार? पाळीचं, पांढरं जाण्याचं, कोणी त्रास दिल्याचं? एक लेडी डॉक्टर आणि एक सिस्टर नसेल तर तपासणीच करू नका, नुसत्या दाढा बघा.

खरूज विसरले. ते पुढच्या वेळी लिहिते, नातू रडतोय.

तापीकाठचा

हे सगळं सरकारचं काम आहे. तुम्ही करत राहिलात तर सरकार कधी करणार?

दाढदुखी_चोपडा

सिस्टर, तुमच्या प्रत्येक वाक्याला कान धरून उभा आहे. लेडी डॉक्टर शोधतो. आमच्याच बॅचची एक जण अमळनेरला आहे, तिला आम्ही गेल्या वेळी विचारलंच नव्हतं. का, ते माहीत नाही. खरं तर माहीत आहे.

तापीकाठचा, सरकारी पथक येतं असं अधीक्षिकाताई म्हणाल्या होत्या, पण ते काय बघतात ते मला कळलं नाही. कोणी सांगेल का? आणि सिकलसेलबद्दल (रक्ताच्या तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात तो आनुवंशिक आजार) : आमचा बालरोगवाला म्हणतो की एका दिवसात सगळ्यांची चाचणी उरकू.

पथकातला_वैद्य

मी बीएएमएस, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकात, नंदुरबार जिल्ह्यात. थोडं कडू बोलेन, आधीच माफी.

कार्यक्रम २०१३ साली पालघरहून सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंत : जन्मजात दोष, आजार, पोषणाची कमतरता, वाढीतला उशीर. पथकात दोन आयुष डॉक्टर, त्यात एक स्त्री, एक नर्स आणि एक औषधवाला. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. म्हणजे तुमच्या ४७ मुली शाळेत आमच्या हातातून जातातच, फक्त तिथे त्यांची नोंद शाळेची मुलगी म्हणून होते. बालगृहात त्या कागदाची प्रत पोचत नाही. वर्गशिक्षक कोणाच्या घरी निरोप देणार? 'पालकांना सांगा' असं आम्ही लिहितो आणि तो कागद तिथेच संपतो. ही आमची चूक नाही म्हणत नाही, पण तुम्ही ती जोडू शकता. शाळेतून मागच्या तपासणीची प्रत घ्या आणि सिस्टर म्हणतात त्या वहीत डकवा. कदाचित त्या कानाची नोंद आमच्याकडेही असेल, तुमच्या आधीची!

शिबिरवाल्यांबद्दल माझी तक्रार एकच. तुम्ही बॅनर लावून 'संदर्भित', म्हणजे पुढे पाठवलं, असं लिहिता आणि ते सगळे संदर्भित आमच्याकडे येतात, कधी कधी तर येतही नाहीत. त्यापेक्षा आधी फोन करा. शिबिराच्या दिवशी आमचं पथक तिथेच बसेल. जिल्ह्याच्या ठिकाणी लवकर निदान आणि उपचाराचं केंद्र असतं, पुढची तारीख तिथल्या तिथे घेता येते. हृदयात भोक, दुभंगलेला ओठ, असल्या शस्त्रक्रिया या कार्यक्रमातून होतात. बाकीच्यांसाठी महात्मा फुले योजना आहे. रेशनकार्ड नाही म्हणून कोणी परत पाठवत असेल तर भांडा, अनाथालयातल्या मुलांचा त्यात वेगळा विचार केलेला आहे. आणि आता जळगावला २०१८ पासून आणि नंदुरबारला २०२० पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, धुळ्याचं तर जुनंच. पूर्वीसारखं प्रत्येक गोष्टीला नाशिक-मुंबई करावं लागत नाही.

आता सिकलसेल. तुमच्या मित्राला सांगा, घाई नको. आमच्याकडे भिल्ल-पावरा समाजात हे प्रमाण मोठं आहे, आणि चोपडा-यावलच्या आदिवासी पाड्यांतही आहे. १ जुलै २०२३ ला केंद्राने सिकलसेल निर्मूलनाचं मिशन सुरू केलं, चाळिशीपर्यंतच्या सगळ्यांची तपासणी, २०४७ पर्यंतचं लक्ष्य. चाचण्या सरकारी यंत्रणेतून मोफत होतात. शिबिरात होते ती सोल्युबिलिटी, म्हणजे गढूळपणाची चाचणी. ती फक्त 'सिकल आहे' एवढं सांगते. मुलगी नुसती वाहक आहे की रुग्ण, ते इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या लॅबमधल्या चाचण्यांनीच कळतं. वाहक मुलगी पूर्ण निरोगी असते. तुम्ही दुपारी बारा वाजता पन्नास जणींसमोर 'पॉझिटिव्ह' ओरडलात की संध्याकाळपर्यंत तिची वाटी वेगळी होते. मी पाहिलंय. म्हणून पक्का अहवाल हातात येईपर्यंत कोणाला काही सांगायचं नाही आणि आल्यावर एकेकीला बसवून सांगायचं.

रुग्ण निघाली तर तिला पाणी भरपूर, थंडीत उबदार कपडे, ताप आला की थांबायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना. तिचं रक्त कमी असतं ते पेशी तुटतात म्हणून. लोह कमी आहे का ते तपासल्याशिवाय त्या मुलीला लोहाच्या गोळ्यांचा मारा करू नका. फॉलिक ॲसिड आणि बाकीचं तज्ज्ञ ठरवतील.

एचआयव्हीची चाचणी शिबिरात करायची नाही. २०१७ चा कायदा आहे, संमती लागते. कोणी 'सगळ्यांचं एकदम बघून टाकू' म्हणालं तर त्याला केळी मोजायला बसवा.

आठ_नंबर_खाट

मी इथे फक्त वाचते, कधी लिहिलं नाही. आज लिहिते कारण मी त्या दुसऱ्या बाजूला होते.

मी बारा वर्षं बालगृहात राहिले, खान्देशातच, ठिकाण सांगत नाही. माझ्या खाटेचा नंबर आठ. आता जळगावात लॅब टेक्निशियन आहे.

शिबिरं आम्हाला पाठ होती. सकाळी डोक्याला तेल लावून, दोन वेण्या घालून, व्हरांड्यात उंचीप्रमाणे बसवायच्या. पांढऱ्या कोटातली माणसं यायची. त्यातला पहिला प्रश्न नेहमी तोच, "घरात कोणाला शुगर, बीपी, टीबी?" आम्ही खाली बघायचो. एकदा माझ्या पुढच्या मुलीने सांगितलं, "हो, बाबांना शुगर आहे." तिचे बाबा कोण, ते तिलाही माहीत नव्हतं. तिला वाटलं, नाही म्हटलं तर नापास करतील. तो प्रश्न आम्हाला विचारू नका. म्हणजे माहिती घ्याच, पण अधीक्षिकांकडून, फाइलमधून, आणि आमच्यासमोर नाही.

आणि विचार करा, बाकी सगळ्यांचं अर्धं निदान आईच सांगते. 'हिच्या मावशीला असंच होतं.' आमच्याबद्दल असं सांगणारं कोणी नसतं. म्हणून आमच्यासाठी रक्ताच्या चाचणीला इतर मुलींपेक्षा जास्त किंमत आहे. मी स्वतः सिकलची वाहक आहे. हे मला १९ व्या वर्षी कळलं, डीएमएलटीच्या (लॅब टेक्निशियनच्या कोर्सच्या) प्रॅक्टिकलला. आम्ही एकमेकींचं रक्त घेऊन सराव करत होतो आणि माझी नळी गढूळ आली. त्या दिवसापर्यंत नऊ-दहा शिबिरांत माझं बोट टोचलं गेलं असेल. प्रत्येक वेळी काय तपासलं, काय निघालं, कुठे लिहिलं? एकही कागद माझ्याकडे नाही. संस्था सोडताना एक पेटी, दोन ड्रेस, दहावीचं मार्कलिस्ट आणि शाळा सोडल्याचा दाखला मिळाला. आरोग्याचं एक पान नाही. सिस्टर जी वही म्हणतात ना, त्यातली त्या मुलीची चार पानं अशी ठेवा की ती १८ ची झाली की फाडून तिच्या हातात देता येतील. किंवा प्रत्येकीची वेगळी पातळ वहीच करा. मी असते तर तेच केलं असतं.

सुया. माझ्या आजच्या कामामुळे हे डोळ्यावर येतं. प्रत्येकीला नवीन लॅन्सेट (बोट टोचायची सुई) तर हवंच, पण वापरलेल्या सुया संस्थेच्या उकिरड्यावर टाकून जाऊ नका. आमच्याकडे शिबिर झाल्यावर लहान मुली त्या टोचून 'डॉक्टर-डॉक्टर' खेळायच्या. पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात भरायच्या आणि गाडीतून परत न्यायच्या.

फोटो. चेहऱ्याचे फोटो टाकू नका. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७४. मुलाची ओळख उघड केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण कायदा बाजूला ठेवा. माझा एक फोटो अजून एका मंडळाच्या पानावर आहे. मी नऊ वर्षांची, डोक्यात उवांचं औषध, तोंड कडू केलेलं, खाली लिहिलंय 'निरागस हास्य'. माझ्या सासरच्या एका माणसाने तो शोधून काढला. पुढचं सांगत नाही.

शेवटचं. निघताना "परत येऊ हं" म्हणू नका. येणार असाल तर तारीख सांगा. आम्ही मोजायचो. एका डॉक्टर मॅडमने माझ्या गालाला हात लावून म्हटलं होतं, पुढच्या वेळी तुझ्यासाठी चष्मा आणते. मला तेव्हा फळ्यावरचं दिसत नव्हतं. मी चौथीपासून सातवीपर्यंत पहिल्या बाकावर बसले, म्हणून पास झाले. चष्मा माझ्या पहिल्या पगारात घेतला.

दाढदुखी_चोपडा

ताई, तुमचं लिहिणं आमच्या ग्रुपवर टाकलं, नाव-गाव काही नाही, फक्त मजकूर. बॅनर रद्द झाला. डोळेवाला मित्र रात्री अकराला फोन करून म्हणाला, चष्मे मी त्याच महिन्यात नेऊन देतो, आणि दोन फ्रेम जास्तीच्या, मोडतात म्हणून. तपासताना चूक काय होते ते त्यानेच सांगितलं. मुली डोळा बोटांनी झाकतात आणि फटीतून बघतात. तळहाताचा खोलगट भाग धरायला लावायचा, प्रत्येक डोळा वेगळा, तक्ता २० फुटांवर, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी 'ई' चा तक्ता.

माझ्या भागातलं एक मीही ठरवलंय. सहाव्या वर्षी मागे जी पहिली पक्की दाढ येते, तिच्यासाठी कुठलाच दुधाचा दात पडत नाही, त्यामुळे ती आलेली कोणाला कळतच नाही. दुधाची समजून दुर्लक्ष होतं आणि बाराव्या वर्षी ती काढायची वेळ येते. लहान मुलींच्या त्या दाढेवरच्या खाचा ग्लास आयोनोमरने (दातांचं एक सिमेंट) बुजवायच्या. वीज लागत नाही, ड्रिल लागत नाही, टोचत नाही. हे गेल्या वर्षीच करायला हवं होतं. मी मात्र टूथब्रश वाटत फिरत होतो. (गंमत म्हणजे १ जूनवाल्या मुलींचं खरं वय यातून अंदाजाने कळतं. सहाची दाढ, बाराची दाढ. सिस्टर, तुमच्या वहीत दातांचा रकाना घातलाय.)

सिस्टर_निवृत्त_धुळे

माय वं, दातांचा रकाना छान.

खरूज राहिली होती. थंडीत एकमेकींना चिकटून झोपतात, तेव्हा पसरते. चार जणींना दिसली तर चौघींनाच मलम देऊ नका. सगळ्या ४७, अधीक्षिका, स्वयंपाकीण, पहारेकरीण, सगळ्यांना एकाच रात्री. परमेथ्रिन ५ टक्के, गळ्यापासून तळपायापर्यंत, बोटांच्या बेचक्यात, नखांखाली. रात्री लावून सकाळी आंघोळ. अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात, मग कडक उन्हात. आपल्याकडे उन्हाला तोटा नाही. आठवड्याने पुन्हा एकदा. हा दुसरा हातच सगळे चुकवतात.

दाढदुखी_चोपडा

(डिसेंबर संपताना)

मंडळी, झालं. लिहायचं कबूल केलं होतं म्हणून लिहितो.

नोव्हेंबरात मी आणि अमळनेरची मैत्रीण दोघंच गेलो. वह्या ४७ घेतल्या, पातळ, प्रत्येकीची वेगळी, प्लास्टिकच्या कव्हरात. लसींच्या चौकशीचे फोन करायला तीन दिवस लागले. कार्ड मिळालेल्या मुली फक्त १४. टीडी राहिलेल्या १९ जणींची यादी आरोग्य केंद्राला दिली, त्यांनी पुढच्याच बुधवारी येऊन दिलं. एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

१४ डिसेंबरला शिबिर. मुली ४५, दोघी मधल्या काळात आपापल्या घरी गेल्या. जिल्ह्याचं पथक आलं, त्यांच्याकडे शाळेतल्या तपासणीचे कागद होते, आणि वैद्यबुवांचं भाकीत खरं निघालं : कानाची नोंद त्यात होती. आमच्याही दहा महिने आधीची. कोणीच काही बोललं नाही, पथकातल्या सिस्टरांनी ते पान वहीत डकवलं. पडद्याच्या ऑपरेशनची तारीख फेब्रुवारीत मिळाली आहे.

हिमोग्लोबिन १८ जणींचं कमी. गोळ्यांचं सत्र अधीक्षिकाताईंनी सोमवारी रात्रीच्या जेवणानंतर ठेवलंय, लिंबूपाण्यासकट. सिकलचे नमुने पथकाने नेले, अहवाल यायचे आहेत. दाढा २३ जणींच्या बुजवल्या, माझी मान अजून दुखतेय. चष्मे सात. इथे आमची फजिती झाली : मित्राने सातही फ्रेम गुलाबी आणल्या, एकसारख्या. संध्याकाळपर्यंत तीन जणींनी एकमेकींचे घातले होते. आता काडीला आतून खाटेचा नंबर चिकटवलाय.

वाद एकच झाला. स्वयंपाकीणबाई मलम लावायला तयार होईनात. "माले काय खरूज शे?" असं म्हणत भाकरी थापत राहिल्या. कोणाचंच ऐकलं नाही.

निघताना लहान मुली गेटपर्यंत आल्या. मी "परत ये..." एवढं म्हणालो आणि जीभ चावली. मग तारीख सांगितली. २९ मार्च, रविवार. एकीने ती हातावर पेनाने लिहून घेतली.

सिस्टर_निवृत्त_धुळे

मलमाचा दुसरा हात लावला का? तुम्ही लिहिलं नाही.

दाढदुखी_चोपडा

लावला. २१ तारखेला, भुसावळहून केमिस्ट आणि त्याची बायको गेले होते. यावेळी स्वयंपाकीणबाईंनीही लावलं. कानवालीने त्यांना वहीतली तारीख वाचून दाखवली म्हणे.